एकच कमांड

देविकाने कोऱ्या लॅपटॉपवर एकच कमांड टाइप केली आणि हात मागे घेतले. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. बसच्या तिकीट-यंत्राचा प्रोसेसर वेगळा. त्याचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या लॅपटॉपवर तयार करायचं, तर आधी नेमका कंपाइलर आणि नेमक्या लायब्रऱ्या जुळवून बसवाव्या लागत. नोएडाच्या त्या ऑफिसात ते फक्त देविकाला जमायचं. आता तिने लिहिलेली स्क्रिप्ट ते सगळं परस्पर करत होती. चहा संपायच्या आत यंत्रात टाकायचं पहिलं पॅकेज तयार झालं.

मॅनेजर इंद्रजित सरांनी टाळ्या वाजवल्या. मग तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं, की हे काम आता दुसरी टीम बघेल. तिची गरज महिनाअखेरपर्यंतच आहे.

संध्याकाळी मेट्रोत वृंदाने नेहमीप्रमाणे तिच्यासाठी जागा धरली. दोघी एकाच टीममध्ये, दिल्लीतल्या द्वारकेत एकाच सोसायटीत राहणाऱ्या.

"काढलं मला," देविका म्हणाली. "काम दुसऱ्या टीमला देतायत."

स्क्रिप्टची कल्पना वृंदाचीच, दिवाळीनंतरची. बाबांच्या ऑपरेशनसाठी देविका नागपूरला जाणार होती; तिथे तिला कुणी फोन करून छळायला नको, म्हणून. शेजारी बसून वृंदा म्हणायची, "अजून बारीक लिही यार. तुला न विचारता कुणालाही जमलं पाहिजे."

वृंदाने तिचा हात हातात घेतला. "फार वाईट झालं गं. पण हैदराबादवाले स्क्रिप्टवरचं तुझं नाव काढणार नाहीत, बघ."

देविकाने हात सोडवून घेतला.

"हैदराबाद? मला सरांनी तेवढंही सांगितलं नाही."

गाडी यमुना ओलांडत होती. वृंदा बाहेर बघत राहिली.

"कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून. दोघींपैकी एकीलाच ठेवणार होते, देविका. मी काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतंस."

द्वारकेला दोघी उतरल्या. स्टेशनबाहेर ओळखीचा ई-रिक्षावाला उभा होता.

"आइए मॅडम. दोनों?"

वृंदा आधी चढली. आत सरकून तिने शेजारची सीट हाताने झटकली आणि वाट पाहत राहिली.

"इनको छोड़ दीजिए, भैया," देविका म्हणाली, आणि बॅग खांद्यावर सारखी करून पायीच निघाली.