दोन खांबांमधली जागा

कोथरूडच्या त्या रस्त्याच्या फूटपाथवर आडव्या ओळीत रोवलेले कमरेएवढे खांब मंदाकिनीबाईंनी बसवून घेतले, हे आसपासच्या सगळ्या सोसायट्यांना ठाऊक होतं. कागदोपत्री ते महापालिकेने बसवले. पण महापालिका आपण होऊन काही चांगलं करते, यावर कोथरूडात कोणी विश्वास ठेवत नाही. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात चपला झिजवाव्या लागतात, आणि त्या बाईंनी झिजवल्या होत्या.

त्याआधी तो फूटपाथ नावालाच फूटपाथ होता. चौकात सिग्नल लागला की स्कूटरवाले सरळ वर चढायचे, मागून हॉर्न वाजवायचे आणि वर चालणाऱ्यालाच डोळे वटारून बघायचे. शेजारच्या सोसायटीतल्या मुक्ताईंच्या पावलावरून एकदा गाडीचं चाक गेलं. म्हातारीने तेव्हापासून काठी धरली ती धरलीच. मंदाकिनीबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बेशिस्त दिसली की त्यांच्या हाताला अजूनही खडू शोधायची सवय होती. त्या कामाला लागल्या, खांब बसले, आणि स्कूटरी बंद झाल्या.

मग हळूहळू माणसं चालायला लागली. कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढणारी माणसं, बरं का. सकाळी सगळ्यांनी मिळून बागेपर्यंत जायचं, बागेत फेऱ्या मारायच्या आणि परत यायचं, असं बाईंनी पायी मंडळ काढलं. मंडळाचे अध्यक्ष तात्याराव. त्यांची इन्सुलिनची सुई सुटली. कोणाचं वजन उतरलं, कोणाला झोप लागायला लागली. नाक्यावरचा डॉक्टर बाईंना गमतीने म्हणायचा की तुम्ही माझं दुकान बंद करणार. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

फक्त खांब बसवताना एक गोष्ट झाली. अनिरुद्ध नावाचा तरुण इंजिनिअर जागेवर आला होता. तो म्हणाला, "मॅडम, एका ठिकाणी अंतर थोडं जास्त ठेवावं लागेल. व्हीलचेअर जायला पाहिजे."

"म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच लटकवायची," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात शिवणाची टेप होती आणि स्कूटरच्या हँडलची रुंदी त्यांनी घरूनच मोजून आणली होती. "तेवढ्या फटीतून स्कूटर तिरकी करून काढतील हो. आणि इथे व्हीलचेअर आहे कोणाकडे? दाखवा मला. असलीच तर मी स्वतः उचलून पलीकडे ठेवीन."

अनिरुद्धने फाइल मिटली. मुख्याध्यापिकेपुढे भले भले गप्प बसतात, तो तर काल नोकरीला लागलेला. टेपने मोजून, एक बोटही जास्त न सोडता, खांब रोवले गेले. वर बाईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'हा फूटपाथ पायांसाठी आहे. चाकांनी रस्त्याने जावे. पाय नसल्यास तसे कळवावे.' लोकांनी तिचे फोटो काढले. ते गावभर फिरले आणि अमेरिकेतल्या पुतण्याकडूनही परत आले.

पुढच्या फेब्रुवारीत बाईंच्या यजमानांना, श्रीनिवासरावांना, पक्षाघाताचा झटका आला.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. हा माणूस कोथरूडहून खडकीच्या कारखान्यात उभा जन्म सायकलवर गेला. रस्त्यात कोणी मागून आलं तर स्वतः कडेला होऊन वाट द्यायची, असा स्वभाव. त्याला आता अंथरुणात कूस बदलायला बायको लागायची. मुलगा केदार शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीला. तो रविवारी यायचा, बाबांच्या पायाला तेल लावायचा आणि संध्याकाळी ट्रॅफिकच्या आधी निघायचा. "आई, मी रोज कसा येऊ? जाऊन-येऊन अख्खा दिवस रस्त्यावरच जातो," असं तो म्हणायचा. ते खोटं नव्हतं.

पूर्वा नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी बागेत सकाळी अशा पेशंटांचा वर्ग घ्यायची. तिथे धरायला लांब कठडा होता, पायाखाली मऊ जमीन होती. तिने श्रीनिवासरावांचा पाय तपासला आणि बाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. "काकू, पाय अजून जिवंत आहे. पण पहिले काही महिनेच काय ते आपल्या हातात असतात. घरात कॉटला धरून नाही होणार. रोज बागेत आणा. नाहीतर पाय चालणं विसरतो, आणि मग त्याला कोणी आठवण करून देऊ शकत नाही."

रोज बागेत आणा. बाग कुठे, तर खिडकीतून झाडं दिसतात एवढ्या अंतरावर. इतक्या जवळ यायला रिक्षावाले तयार नव्हते. 'नाही' म्हणायलासुद्धा थांबत नसत. शिवाय रिक्षात चढवायला दोन गडी लागत. बाईंनी दुकानातून भाड्याने व्हीलचेअर आणली. घडी होणारी शिल्लक नव्हती, म्हणून जड, न मिटणारी, लोखंडी होती ती घेतली. पहिल्या दिवशी नवऱ्याला स्वच्छ शर्ट घालून, भांग पाडून त्या निघाल्या आणि खांबांपाशी आल्या.

खुर्ची दोन खांबांवर अडली. बाईंनी ती मागे घेतली, सरळ केली, पुन्हा लावली. मग शेजारच्या फटीत लावून बघितली, जणू तिथे आपण चुकून जास्त जागा सोडली असेल. पण त्या मोजण्यात कधी चुकत नसत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. श्रीनिवासरावांनी मान वर करून पाटी वाचली. मग डावा हात उचलून रस्त्याकडे दाखवला.

बाईंनी खुर्ची रस्त्यावर उतरवली. कडेला गाड्या लावलेल्या, म्हणून मधून चालावं लागलं. मागून बस आली. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. उजवीकडून एक मोटारसायकल इतक्या जवळून गेली की तिचा आरसा श्रीनिवासरावांच्या लुळ्या हाताला लागला. हात मांडीवरून खाली पडला आणि चाकाशी लोंबायला लागला. तो वर घ्यायला बाईंना थांबता येईना, कारण मागे बस होती. बागेच्या फाटकाशी पोचल्यावर त्यांनी तो हात उचलला, तेव्हा बोटांची सालटी निघाली होती. श्रीनिवासरावांना ते कळलंही नव्हतं. ते रडत मात्र होते.

"घरी," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्ट घालू दिला नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं. पुढे पुढे तर पाय हलवायला सांगितलं की डोळे मिटून घ्यायचे.

 माणूस डोळ्यांदेखत हातातून चालला होता आणि महिने काही कोणासाठी थांबत नव्हते. त्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. अनिरुद्धने उठून खुर्ची दिली. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"एकच खांब काढा," त्या म्हणाल्या. "हात जोडते."

"मॅडम, असं नका करू." तो ओशाळला. "खांब नागरिकांच्या मागणीवरून बसलेत. तुमच्या मंडळाच्याच मागणीवरून. मी माझ्या मनाने काढला तर उद्या त्यांची तक्रार येईल. मंडळाने होकार कळवला तर वरच्यांकडून सही मी घेतो."

मंडळ म्हणजे आपलीच माणसं. बाई हलक्या मनाने घरी आल्या.

सभा बागेतल्या बाकांवर भरली. बाईंनी सगळं सांगितलं. एक खांब काढायला होकार द्या, अशी विनवणी केली, जी शाळेत कधी केली नव्हती. सगळे हळहळले. एक बाई डबा पाठवते म्हणाल्या. मग तात्याराव उठले.

तात्याराव वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांच्या वडिलांचा पाय साखरेने गेला होता, आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. ते त्यांनी लहानपणी बघितलं होतं. स्वतःची साखर उतरल्यापासून ते फूटपाथला देवासारखे जपत.

"मंदाताई," ते म्हणाले, "एक खांब काढला की स्कूटरी आत येणार. आठ दिवसांत आपलं चालणं बंद. मुक्ताईंचं काय होणार? माझं काय होणार? एक अपवाद केला की नियम मेला, हे तुमचंच वाक्य आहे. मी तर तुमच्याकडूनच शिकलो."

"मग मी काय करू, तात्याराव?"

"आपण दुसरा काहीतरी मार्ग काढू ना."

"कोणता?"

तात्यारावांनी मत घ्यायला सांगितलं. हात वर करून मत घ्यायचं, ही पद्धत बाईंनीच घालून दिलेली. खांब राहावेत म्हणून हात वर झाले. काही पटकन झाले, काही शेजाऱ्याकडे बघून झाले. मुक्ताईंनी तेवढा केला नाही, त्या काठीकडे बघत बसल्या. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांना नुसता धूर दिसतो, आणि तेही वारा आपल्याकडे असेल तर.

त्या रात्री बाईंनी नवऱ्याला भरवलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अहो, उद्या एकदाच माझ्याबरोबर चला. रस्त्यावर नाही नेत. शपथ." श्रीनिवासरावांनी होकाराची मान हलवली.

सकाळी मंडळ यायच्या आधी बाईंनी खुर्ची नेली आणि त्या दोन खांबांना भिडवून उभी केली. ब्रेक लावले. बाकीच्या फटींसमोर अलीकडे रात्रीच कोणीतरी स्कूटरी लावून ठेवल्या होत्या, त्यामुळे जाण्यासारखी जागा ती एकच. श्रीनिवासरावांचे पाय खांबांच्या मध्ये आले, चाकं अलीकडे राहिली. माणसं मागे जमायला लागली.

"मंदाताई, जरा बाजूला घेता का?" तात्याराव म्हणाले.

"नाही."

"असं काय करता?"

"रस्ता आहे की. रस्त्याने जा. काल हात वर करून तुम्ही मला तेच सांगितलंत."

कुजबुज झाली. तात्याराव लाल झाले. तरातरा रस्त्यावर उतरले, वळसा घालून पलीकडून पुन्हा वर चढले आणि श्रीनिवासरावांच्या समोर येऊन उभे राहिले. "आजारी माणसाला असं मध्ये ठेवणं शोभतं का तुम्हाला?" ते बाईंना म्हणाले. "त्यांना तरी विचारलंत का?"

बरोबर चला म्हटलं होतं, वाट अडवायची आहे हे सांगितलं नव्हतं. बाईंना ते लागलं, पण त्या हलल्या नाहीत. लाज वाटून घ्यायची ऐपत त्यांच्याकडे उरली नव्हती.

मागचे एकेक करून रस्त्यावर उतरायला लागले. मुक्ताईंनी काठी आधी खाली टेकली, मग एक पाय, मग दुसरा. तेवढ्यात गाड्यांच्या मधून एक स्कूटर सुसाट आली. मुक्ताई मागे कोलमडल्या आणि उभ्या गाडीच्या टपाला धरून कशाबशा सावरल्या. काठी रस्त्यात पडली. स्कूटर तिच्यावरून गेली.

श्रीनिवासरावांनी हे बघितलं. त्यांच्या घशातून आवाज आला. "वाट," ते म्हणाले. "वाट दे त्यांना."

आणि त्यांनी डाव्या हाताने डावीकडचा खांब धरला. बाईंना वाटलं, ते खुर्ची मागे लोटताहेत. पण ते उठत होते. जन्मात कधी कोणाची वाट अडवली नव्हती त्या माणसाने. खांबाला धरून, डाव्या पायावर सगळं अंग तोलून ते दोन खांबांच्या मध्ये उभे राहिले. थरथरत का होईना, उभे राहिले. बाईंनी मागून हात पुढे केले.

मग त्यांनी उजवा पाय उचलायला बघितला. पाय आला नाही. गुडघा आतल्या आत मोडला आणि ते पुढे गेले, बाईंच्या बोटांतून शर्ट निसटला, आणि सगळा भार समोरच्या तात्यारावांच्या छातीवर आला.

तात्यारावांनी त्यांना कवेत धरलं. दुसरं काही करताच येत नव्हतं. श्रीनिवासरावांचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं होतं, लाळ शर्टावर उतरत होती आणि पाय फरशीवर घसरत होते. मदतीला यायचं तर माणसं रस्त्यावर, मध्ये गाड्यांची रांग.

"खुर्ची द्या," तात्याराव धापा टाकत म्हणाले. "मंदाताई, खुर्ची पुढे घ्या. मला पेलवत नाहीत हे."

बाईंनी ब्रेक काढले आणि खुर्ची ढकलली. चाकं खांबांवर आपटली. त्यांनी मागे घेऊन पुन्हा ढकलली.

"अहो, लवकर. पडतील ते."

"जात नाही, तात्याराव."

"सरकवा ना, जरा जोर लावा."

"जात नाही हो. मी मोजून बसवलेत."

तात्यारावांनी मान वळवून खुर्चीकडे पाहिलं, मग खांबांकडे. त्यांचे दंड कापायला लागले होते. श्रीनिवासराव त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होते, वाट, वाट. वर पाटी होती. बाईंनी तिच्याकडे न बघताच ती म्हणून दाखवली.

"पाय नसल्यास तसे कळवावे, असं मीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मी कळवायला आले होते. काल तुम्ही सगळ्यांनी हात वर केलेत, म्हणून राहून गेलं."

 तात्यारावांचे दोन्ही हात गुंतलेले होते.