संकल्पातलं नाव

ही गोष्ट एकोणीसशे सत्तावीस सालची. त्या वर्षी सोलापूरपासून चार कोसांवर, अक्कलकोटच्या रस्त्याला, लोकल बोर्डाचा दवाखाना बांधायला निघाला होता आणि तिथल्या चुन्याच्या घाणीवर मथुराबाई बैल हाकत होती. दगडी चाक गोल चरात फिरायचं, चुना आणि वाळू दळली जायची, आणि बाई बैलांमागून फिरत राहायची. पन्नाशीला टेकलेली, बोलायला कमी, कामाला चोख. तिला मजुरीची नड नव्हती, भाऊ सांभाळायला तयार होता. पण हे काम हिंदुराव पाटलांचं आहे असं कानावर आलं आणि दुसऱ्याच दिवशी ती मुकादमापुढं जाऊन उभी राहिली.

कागदावर मात्र काम हिंदुरावांचं नव्हतं. टेंडर कल्लप्पाच्या नावाचं होतं. कल्लप्पा म्हणजे त्यांच्या मळ्यावरचा जुना गडी, सही करताना जिभेचं टोक बाहेर काढणारा. नव्या कायद्यानं असं ठरवलं होतं, की बोर्डाच्या कामात ज्याचा हिस्सा असेल त्याला बोर्डाचं मेंबर राहता येणार नाही. हिंदुराव मेंबर होते आणि त्यांना दोन्ही हवं होतं.

मथुराबाईला ही युक्ती नवी नव्हती. आठ वर्षांपूर्वी कल्लप्पाच्या जागी तिचा नवरा रामहरी होता. कायदा तेव्हा एवढा कडक नव्हता, तरी मेंबरानं बोर्डाचं काम घेणं बरं दिसत नसे. म्हणून मोहोळच्या वाटेवरच्या ओढ्यावर मोरी बांधायचं टेंडर हिंदुरावांनी या गरीब गवंड्याच्या नावावर भरलं. चुन्यात माती मिसळायला लावली. रामहरीनं हात जोडून नको म्हटलं, कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षीच्या पुरात मोरी बसली आणि गाडीसकट दोन माणसं गेली. चौकशीत हिंदुराव पांढरा फेटा बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "काम रामहरीचं हाय. कागूद बगा. माझा काडीचा संबंध न्हाय." रामहरीला दोन वर्षांची सजा झाली. तो तुरुंगातच तापानं गेला.

तेव्हापासून मथुराबाईला एकच गोष्ट हवी होती. या माणसानं साहेबापुढं, स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की दुसऱ्याच्या नावावरचं काम माझं आहे. मग त्याचं व्हायचं ते होवो.

ती सोलापुरात गोपाळराव वकिलांकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, कायदा चांगला आहे. पण पुरावा कुठाय? कल्लप्पा खोटं बोलणार, हिंदुराव खोटं बोलणार. साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे, पण साऱ्या तालुक्याला साक्षीला कसं बोलावू?"

"मानूस खोटं कुटं बोलत न्हाय, वकीलसाहेब?"

वकील हसले. "कोर्टात तर सर्रास बोलतो."

"कुटं बोलतो ते ठावं हाय मला. कुटं बोलत न्हाय, ते इचारते."

त्याचं उत्तर परतीच्या वाटेवर तिचं तिलाच सुचलं.

आपल्याकडं इमारतीची पहिली शिळा बसते तेव्हा ज्याचं काम तो बायकोसह पाटावर बसतो. गुरुजी त्याच्या हातावर पाणी घालून, त्याचं नाव घेऊन संकल्प सोडतात. त्या पाण्यात सहसा कुणी खोटं मिसळत नाही. मोरीच्या वेळी हिंदुरावांनी तेही केलं होतं. पाटावर रामहरीला आणि तिला बसवलं होतं. उसनी पैठणी नेसून ती किती मिरवली होती!

आठवड्याभरानं हिंदुरावांची बायको गोजरबाई बैलांच्या दमणीतून काम बघायला आली. स्वभावानं भोळी, उपासतापास करणारी. आठ वर्षांत दोन मुलं पाळण्यातच गेलेली. मथुराबाईनं बैल उभे केले.

"वैनीसाहेब, पायाच्या पूजेला कोन बसनार?"

"कल्लप्पा बसंल की. कागूद त्याचा हाय."

"त्याची बायकू मरून धा वर्सं झाली. पाटावर शेजारी कोन बसवायचं, बैल?"

घमेली घेऊन चाललेल्या बाया फिदीफिदी हसल्या. गोजरबाईही हसली. मग मथुराबाई जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली,

"मोरीच्या पायाला आमी बसलो हुतो. काम एकाचं, हात दुसऱ्याचा. माझं कुंकू गेलं त्ये गेलंच. पन ज्याचं काम हुतं, त्याच्या घरात तरी काय ऱ्हायलं?"

गोजरबाईचा हात चटकन पोटाकडं गेला. तेव्हा मथुराबाईच्या ध्यानात आलं, की तिला पुन्हा दिवस गेलेत. या बाईनं आपलं काही वाईट केलं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांपुढं बेड्या घातलेला रामहरी उभा राहिला, आणि ती पुढं बोलली.

"ह्या बारीला तरी ज्याचं त्यानं बसावं, वैनीसाहेब."

पूजेला आपणच बसायचं म्हणून गोजरबाईनं घरी जाऊन अन्न सोडलं. हिंदुराव चिडले, समजावून थकले. "अगं येडे, लोक काय म्हनतील?" तिसऱ्या दिवशी त्यांनी हात टेकले. पूजा ती काय, चार माणसांतली. संस्कृत कुणाला कळतंय? असा त्यांनी हिशेब केला.

गुरुवारी सकाळी दोघं पाटावर बसली. एकनाथशास्त्री जुन्या वळणाचे, खणखणीत आवाजाचे. हिंदुरावांच्या तळहातावर पाणी घालून त्यांनी विचारलं, "काम कोणाचं म्हणून सांगू?"

हिंदुराव घुटमळले. गोजरबाई त्यांच्याकडं बघत होती.

"माझं," ते पुटपुटले.

शास्त्रीबुवांची एक सवय होती. संस्कृत म्हणून झालं, की तोच मजकूर सगळ्यांसाठी मराठीत सांगायचा. वीस गवंड्यांनी आणि चाळीस बायांनी तो ऐकला. घाणीपाशी मथुराबाई पदर खोचून उभी होती.

मथुराबाईनं ते गोपाळरावांच्या कानावर घातलं. गोपाळराव बोर्डाचे मतदार होते, आणि मतदाराला मेंबराविरुद्ध अर्ज करता येई. त्यांनी स्वतःच्या नावानं अर्ज केला आणि चौकशी लागली. चौकशीच्या साहेबांनी आधी कल्लप्पाला पुकारलं.

"काम तुझं?"

"व्हय, सायेब."

"भिंतीची रुंदी किती धरली आहे?"

"गोत्तिल्ला," कल्लप्पा घाबरून कानडीत म्हणाला, आणि मग, "ठावं न्हाय, सायेब. ते पाटलास्नी इचारा." सगळी खोली हसली.

एकनाथशास्त्र्यांनी संकल्पात कुणाचं नाव घेतलं तेवढं सांगितलं. मग हिंदुराव उभे राहिले. त्यांच्या वकिलानं पढवून ठेवलं होतं, की गड्याला बायको नाही म्हणून वडीलकीनं बसलो असं म्हणा. तसं ते म्हणालेही. गोपाळरावांनी आवाज चढवला नाही.

"तुम्ही हातात पाणी घेऊन काम माझं म्हणालात. ते खोटं होतं, एवढंच सांगा. लगेच खाली बसतो मी."

हिंदुरावांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर मागं गेली. नको म्हटलं असताना गोजरबाई आली होती. भरल्या दिवसांची, भिंतीला टेकून बसलेली. पोटावर हात ठेवून ती नुसती बघत राहिली.

"खोटं... खोटं नव्हतं."

साहेबांनी टाक उचलला. "म्हणजे काम कोणाचं?"

"माझं."

मथुराबाई दाराशी उभी होती. या शब्दाची सात वर्षं वाट पाहिली होती, आणि तो ऐकून तिला गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. बाहेर हिंदुराव घाम पुसत आले तशी ती आडवी आली.

"पाटील, आन् मोरीचं काम कुनाचं हुतं?"

ते मान खाली घालून निघाले.

"जावा, जावा. आज येकदा बोललासा. आता फुडं पुन्ना पुन्ना बोलावं लागंल."

तसंच झालं. हिंदुरावांची मेंबरी गेली, दवाखान्याचं काम गेलं, आणि मोरीचे कागद पुन्हा बाहेर निघाले. त्या खटल्यात त्यांना तीन वर्षांची सजा झाली. सुटून आल्यावर ते कुणाच्या ओसरीवर बसले नाहीत, आणि छत्तीस साली वारले. कल्लप्पा अक्कलकोटकडं आपल्या गावी गेला आणि तिथल्या मठाच्या आवारात झाडलोट करून राहिला. शास्त्रीबुवांना पैसेवाल्यांची बोलावणी बंद झाली, गरिबांची वाढली. गोपाळराव पुढं म्हैसूरकडं लेकाकडं गेले. रामहरीचं नाव निर्दोष ठरल्याचा कागद आला, तो मथुराबाईनं काचेत बसवून घेतला.

गोजरबाईला मुलगी झाली आणि ती जगली. नवरा तुरुंगात गेला तरी मुलगी पूजेमुळंच जगली असं गोजरबाई मरेपर्यंत म्हणायची. दर दिवाळीला ती मथुराबाईला नवं लुगडं पाठवायची. मथुराबाईनं एकही नेसलं नाही, आणि एकही परत केलं नाही. मथुराबाई गेली तेव्हा तिच्या पेटीत अकरा लुगडी निघाली, घडी न मोडलेली.