चौथ्या खुर्चीवर सरकलेले मास्तर

साडेबारा वाजता तिचा प्रोग्राम कोसळला आणि निवृत्त स्टेशनमास्तरांची दाढ जागच्या जागी राहिली. पण ते असो. अजून असं काही झालेलंच नाही. आत्ता सव्वानऊ वाजलेत, दातांच्या दवाखान्यात तिच्या रिसेप्शनच्या टेबलावर एक निळा खोडरबर आहे, झिजून झिजून दाढेच्याच आकाराचा झालेला, आणि ती त्याच्याकडे बघतेय – निरोपसमारंभात कारकुनाकडे बघतात तशी, म्हणजे प्रेमाने, पण एक डोळा घड्याळावर ठेवून.

चार वर्षं या रबराने न येणारे पेशंट पुसले. नाव पुसलं तरी वहीतली ओळ राहायची, करडा डाग राहायचा, आणि डागाखालचा माणूस आपल्या ओळीत निवांत. आजपासून डाग नाहीत. यादी कॉम्प्युटरमध्ये, नाव भिंतीवरच्या पडद्यावर, आणि डॉक्टरबाईंनी आतून बटण दाबलं की टिंग. हे टिंग तिने अकरा टिंगांमधून निवडलंय. लग्नाला स्थळं बघताना लोक इतकी चौकशी करत नाहीत.

ड्रॉवरमध्ये अर्ज आहे. ‘महोदया, प्रोग्रामिंगच्या वर्गासाठी रोज एक तास लवकर जाण्याची परवानगी मिळावी...’ डॉक्टरबाईंनी तो वाचून परत दिला होता. “आधी तुझं ते यंत्र एक दिवस न अडखळता चालू दे. मग सही.” म्हणजे आज. म्हणजे तो एक तास, आणि त्या तासापलीकडे जे काय असेल ते सगळं, आजच्या दहा दातांवर टांगलेलं.

प्रोग्रामिंग दादाने शिकवलं, तिकडच्या शहरातून, फोनवर.

“यादीतला पहिला माणूस शून्यावर बसतो.”

“बिचारा.”

“अपमान नाहीये तो, ढब्बे. मशीन तसंच मोजतं. दहा माणसं असली तर शेवटचा नवावर.”

“मग दहावर कोण?”

“कोणी नाही. तिथे गेलीस तर ते बोंब मारेल.”

आणि मागून आई – विचार त्याला, जेवला का, विचार... आणि ती विचारायची, जेवलास का, आणि दादा म्हणायचा, हो, आता लूप म्हणजे फेरी, यादीवरून एकेक पाऊल टाकत जायचं... तो गेला त्याला दोन वर्षं झाली. गेला म्हणजे नोकरीला गेला. आईचा सुस्कारा ऐकून शेजारच्या काकूंनी एकदा सांत्वन करायला सुरुवात केली होती.

नऊ वाजताच चौथ्या नंबरच्या शिक्षिकाबाईंचा फोन आला होता, “दात दुखायचा थांबला, येत नाही. दुखला तर येते.” तिने नावापुढे ‘रद्द’ टाकलं. प्रोग्राम साधा होता: शून्यापासून नवापर्यंत एकेक जागा बघ, तिथला माणूस रद्द असेल तर यादीतून काढ, नसेल तर टिंग. साडेनऊला पहिलं टिंग झालं आणि तिच्या अंगावर काटा आला. मग दुसरं. तिसरं. चौथ्या जागी यंत्र क्षणभर थांबलं, बाईंना काढलं आणि पुढचं नाव दाखवलं – किती समजूतदार! त्यानंतर तिने माणसांकडे बघितलंच नाही. सकाळभर ती पडद्याकडे बघत होती, पाळण्याकडे बघावं तशी.

साडेबाराला पडद्यावर लाल अक्षरं. यादीबाहेरची जागा मागितली, म्हणे. जागा नऊ.

दहा होते, एक काढला, उरले नऊ, म्हणजे शेवटचा आठवर – हे तिला लगेच कळलं, आणि यंत्र अजून सकाळचे दहाच धरून चाललंय हेही. सोपं आहे. आठवर थांब म्हणायचं. बोंब बंद. ती टाइप करणार, एवढ्यात समोर कोणीतरी खोकलं.

स्टेशनमास्तर. नंबर पाच. गालाला रुमाल लावून, पंख्याखाली, तीन तास.

“काका! तुम्हाला बोलावलं नाही?”

“नाही. पाचाच्या जागी सहावा गेला. म्हटलं, एक्स्प्रेस असेल, पुढे सोडली.”

“अहो, मग सांगायचं नाही का?”

“सिग्नल नसताना गाडी हलवत नाहीत, पोरी. चाळीस वर्षांची सवय.”

डॉक्टरबाई पर्स घेऊन बाहेर आल्या. एक वाजता त्यांना कॉलेजात शिकवायला जायचं असतं. लाल पडद्याकडे बघितलं, मास्तरांच्या गालाकडे बघितलं. “मास्तर, ही गोळी घ्या, उद्या पहिला नंबर तुमचा.” मग तिच्याकडे. “उद्या वही पण काढून ठेव. अर्जाचं नंतर बघू.” आणि गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवर थांबवलं असतं तरी मास्तर राहिलेच असते. का? ते तर यादीत होते. कोणी पुसले नव्हते.

“नंबराप्रमाणे तुमची खुर्ची पाचवी ना?” तिने उगाच विचारलं.

“होती. चौथ्या नंबरच्या बाई आल्या नाहीत, त्यांची रिकामी दिसली, वर पंखा, म्हणून सरकलो.” मास्तरांनी गोळी गिळली. “तुझ्या यंत्रानेही सरकवलं असेल मला. बाईंना काढलं, मी त्यांच्या जागी आलो. पण ती जागा तुमची, म्हणजे तुझी नि यंत्राची, बघून झाली होती ना? तुम्ही पुढच्या जागेवर. तुम्ही बघून गेलात तिथं मी नंतर आलो.”

तुम्ही बघून गेलात तिथं...

रविवारची दुपार, घरी जेवणाचं टेबल. बाबा, मग दादाची खिडकीजवळची खुर्ची, मग ती, मग धाकटी. दादा गेल्यावर ती खिडकीजवळ सरकली – हवा येते, त्यात भावना वगैरे काही नव्हती. आई वाढत येते. बाबांना. मग खिडकीजवळ थांबते, तिकडे तो काय खात असेल कोण जाणे, आमटीचा डाव तसाच हातात... आणि मग रिकामी खुर्ची ओलांडून धाकटीला. दोन वर्षं. आईचं चुकत नाही. ती फेरी नीट मारते, एकही जागा सोडत नाही. मी हाताने वाढून घेते. हात आहेत मला, चांगले दोन आहेत. मला वाटायचं की मला भूकच कमी.

“मी गाडीचे डबे गार्डाच्या टोकाकडून, म्हणजे मागून, मोजायचो,” मास्तर उठत म्हणाले. “मधला एखादा काढला तरी सरकतात ते आधीच मोजून झालेले.”

म्हणजे रद्द झालेले आधी मागून काढायचे, मग पुढून हाका मारायच्या. दोनच ओळी बदलायच्या. तिने बदलल्या. रिकाम्या दवाखान्यात नऊ टिंग झाली, चौथं मास्तरांचं, आणि बोंब नाही. हसू आलं तिला, आणि हसताहसता तिने खोडरबर खिशात टाकला.

तिने ड्रॉवरमधला अर्ज काढला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूला, वहीतल्यासारख्या सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘प्रति, आई. विषय: वाढण्याच्या क्रमाबाबत. महोदया, घरातून एखादी व्यक्ती कमी झाल्यास यापुढे वाढण्यास शेवटच्या ताटापासून सुरुवात करण्यात यावी, व खिडकीजवळच्या खुर्चीवर सध्या कोण बसले आहे याची प्रत्यक्ष पाहणी करून तसा लेखी अहवाल अर्जदारास सात दिवसांच्या आत देण्यात यावा, ही नम्र विनंती.’