थांबमधला ब

गाणं लिफ्टचं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या दोघांचं. मागे जुन्या धाटणीचा ऑर्गन, टाळ्या आणि 'टुरुरू, टुरुरू' करणारा कोरस. वीस वर्षं विरहाची संथ गाणी गाऊन लोकांना रडवणारी ताई असलं काही गाणार म्हटल्यावर रेकॉर्डिंगवाले मामा म्हणाले होते, "रडूबाई नाचायला निघाल्या! आता जगबुडी."

सगळे हसले. तीही हसली. या उड्या मारणाऱ्या गाण्यात सूर धरून ठेवावा लागत नाही, म्हणून तर तिनं ते घेतलं होतं. लांब सूर आता तिच्याच्यानं टिकत नव्हता. चार मात्रा, फार तर साडेचार. पुढे दम संपायचा, आवाज फाटायचा. हे फक्त मामांना माहीत होतं. तेच कापून, जोडून निभावून नेत होते. संगीतकाराला माहीत नव्हतं. संगीतकार म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

आणि आज भावानं कागदावर, अगदी शेवटी, पेन्सिलनं एक शब्द वाढवला. थांब. आठ मात्रा.

"एकच लांब सूर, ताई. लोकांना कळू दे, तूच आहेस ती."

मामांनी घसा खाकरला. "ते नंतर घेऊ की."

"नंतर कशाला? हिच्या डाव्या हातचा मळ."

काचेपलीकडे लाल दिवा लागला. हेडफोनमधून कानात मात्रा मोजणारी टिकटिक.

एक

थांऽ

दोन

बरा लागला. भाऊ डोळे मिटून मान डोलावतोय. लहानपणी तिच्या मांडीवर अस्साच डोलावायचा, आणि गाणं मध्येच सोडलं की भोकाड पसरायचा.

तीन

टाकी तळाला गेली की नळ आधी फुरफुरतो. तसं घशात काहीतरी.

चार

फाटणार. आता फाटणार, त्याला कळणार, तो डोळे उघडणार, आणि

ब.

पाच

ओठ मिटलेले.

सहा

ऑर्गन एकटाच.

सात

आठ

"ताई, ब लवकर आला."

"थांब म्हटलं ना? मग थांबायला नको लिफ्टनं?"

मामा उगाचच एक वायर गुंडाळायला लागले. भाऊ हसला नाही.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ताई."

"दोन वर्षं."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"सांगितलं कुठे? गायले."

तो कागदावर वाकला. खसाखसा काहीतरी खोडलं. मग उठून कागद काचेला लावला. आठ खोडून चार केले होते. पुढे एक प्रश्नचिन्ह.

ते गाण्याबद्दल होतं की तिच्याबद्दल, तिला कळेना. कानातली टिकटिक बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिनं मान डोलावली आणि श्वास भरून घेतला, मावेल तेवढा.