छापील वीस अंश

चार महिने खपून मी अर्धा लिटर द्रव तयार केला. तो शुद्ध आहे की नाही, हे त्याच्यात शिरताना प्रकाश किती वाकतो यावरून ठरणार होतं. या वाकण्याच्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. माझा आला १.५०१२. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या जाड ग्रंथात होता १.४९६८.

"ग्रंथ चुकत नाही," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत दुसरा आधार आणा, नाहीतर बाटली टाकाऊच्या डब्यात ओता. तुमच्या मुदतवाढीचंही मग बघू."

माझी नोकरी अशी तिसऱ्या दशांश स्थळावर येऊन बसली.

तीन दिवस आकडा शोधला. संगणकावर सात याद्या मिळाल्या, सातांत तोच १.४९६८. सात साक्षीदार म्हणून मी हबकलो. मग खालच्या टिपा वाचल्या. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते, शेवटचा ग्रंथाकडे, आणि ग्रंथ एका जुन्या अहवालाकडे. अहवाल कुठेच मिळेना.

"काय रे, वाकला का तुझा प्रकाश?" आई जेवताना विचारायची.

"प्रकाश वाकतोय गं. मॅडम वाकत नाहीत."

गुरुवारी अहवाल सापडला. आमच्याच प्रयोगशाळेच्या तळघरात, एका कपाटाच्या मोडक्या पायाखाली. तो काढून मी तिथे सुरक्षा नियमांची पुस्तिका सरकवली. पहिल्यांदाच कुणाला तरी तिचा आधार मिळाला. अहवालावरची सही ओळखीची होती. माझ्या शेजारच्या टेबलावरचे काका. निवृत्तीला अकरा दिवस राहिलेले.

काका बेसिनपाशी डबा धूत होते.

"काका, ही सही तुमची?"

"माझीच. तेव्हा वळणदार होती."

"इथे तापमान वीस अंश आहे. वीसलाच मोजलं होतंत ना?"

"फॉर्मवर वीस छापलेलंच असतं बाबा. ते कोण खोडत बसतंय?"

"पण खरं किती होतं?"

काकांनी डब्याचं झाकण बराच वेळ पुसलं. "उन्हाळा होता. यंत्र गार ठेवणारा पाण्याचा पंप बिघडलेला. तीस तरी असेल."

द्रव तापला की आकडा उतरतो, एका अंशाला साधारण ०.०००४५. काकांनी दहा अंश बोटांवर मोजले. बोटं संपली, फरक जुळला.

"म्हणजे सव्वीस वर्षं सगळं जग माझ्या उकाड्यात मोजतंय," ते म्हणाले.

'राहू दे काका, अकराच दिवस उरलेत,' असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला बाटली वाचवायची होती.

त्यांनीच पंप सुरू केला. पाणी वीस अंशांवर यायला पाऊण तास लागला. आम्ही दोन स्टुलांवर बसून राहिलो. काका एकदा घोरलेसुद्धा. मग उठून त्यांनी यंत्रावर थेंब ठेवला, डोळा लावला.

"१.५०१२."

मग पाणी तीस अंशांवर नेलं, तेव्हा त्यांना मिळाला १.४९६८. काकांनी जुन्या अहवालावरचं वीस खोडलं, वर तीस लिहिलं, नवे आकडे खाली मांडले आणि सही केली. ती आता वळणदार नव्हती.

शुक्रवारी मॅडमनी कागद दोनदा वाचला. "ग्रंथ," एवढंच म्हणाल्या आणि बाटलीवर 'मंजूर'ची चिठ्ठी चिकटवली. "मुदतवाढीचा कागद सोमवारी मिळेल. आता रीतसर फॉर्म भरा."

फॉर्मवर तापमानापुढे वीस छापलेलं होतं. मी थर्मामीटर पाहिला. वीसच होतं.

छापील वीस खोडलं आणि शेजारी हाताने वीस लिहिलं.