संध्याकाळचा बर्फ

कागदावर लाकडाचा भुसा पडला होता. वसुंधराने तो हलकेच फुंकला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की भुशाखाली झाकलं गेलेलं असं काही नव्हतंच. वरच्या कडेला करड्या पाण्याचा एक पुसट हात, बाकी कागद कोरा.

फ्रेमवाल्या अनंताने तिच्या नवऱ्याची, इंद्रजीतची सात चित्रं मापून बाजूला ठेवली होती. आठवं उलटसुलट करून तो म्हणाला, "वयनी, यावर तं काय नाय. याला पन काच लावू?"

"थांब जरा," ती म्हणाली आणि बाकावर बसली. शनिवारी शाळेत प्रदर्शन होतं; 'पनवेलची आठ दृश्यं' असं पत्रिकेत छापूनही झालं होतं.

हे खूळ गेल्या वर्षीचं. शाळेत चित्रकला शिकवून घरी आला, की त्याचं तेच सुरू — चिनी चित्रकारांनी त्यांच्याकडच्या नदी-सरोवराची आठ दृश्यं ठरवली, जपान्यांनी ती जागा न पाहताच रंगवली, आणि मग स्वतःच्याच देशातल्या एका सरोवराकाठी आठही शोधून काढली... परतणारी गलबतं, उतरणारे हंस, देवळातली सांजघंटा, संध्याकाळचा बर्फ. मग पनवेलने काय घोडं मारलंय? गलबतं त्याला पनवेलच्या बंदरात मिळाली, हंसांच्या जागी खाडीतले बगळे आले. बर्फापाशी तेवढं गाडं अडलं. एप्रिलमध्ये एके दिवशी मिठागरावरून रापून आला आणि दारातूनच म्हणाला, "वसू, बर्फ सापडला."

आणि मी काय म्हणाले? — भाकरी उलटत, मागे वळूनही न बघता — "चिन्यांचं जपान्यांनी उचललं, जपान्यांचं तू. यात तुझं काय आहे रे?" तो हसला... की हसल्यासारखं केलं? चार दिवसांनी वर्गातच, फळ्यापुढे कोसळला, तो गेलाच.

तोच सांगायचा, ते लोक बर्फ रंगवत नाहीत. आभाळाला करड्या रंगाचा हात देतात आणि खाली कागद तसाच सोडतात. म्हणजे हे पुरं झालेलं असेल. माझं बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं नसेल. पण बाकीची सातही त्याने ओली असतानाच मला दाखवली होती. हे का नाही दाखवलं? की आभाळ झाल्यावर माझे शब्द आठवून कुंचला ठेवून दिला...

"वयनी, लावू ना?"

मिठागर तिने कधी पाहिलं नव्हतं. तरी बघता बघता त्या कोऱ्या कागदावर मिठाच्या राशी दिसायला लागल्या, एकीमागे एक, खाडीपर्यंत. हायसं वाटायला हवं होतं. पण त्या राशी त्याने मांडून ठेवल्या होत्या, की तीच आत्ता रचत होती, हे विचारायला आता कोणी नव्हतं.