कडक ब्रेक

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्यांना गरजच पडली नाही, तोंड होतं ना. येसाजीराव त्यांचं नाव. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो.

श्रीवत्स, म्हणजे माझा नवरा, अठरा वर्षांचा असताना अप्पा त्याला येलवाल गावाच्या पुढे हुणसूर रस्त्यावर घरची जिप्सी गाडी शिकवायला घेऊन गेले. मागे चुलत भावंडं बसली होती. एका वळणावर याने ब्रेक उशिरा दाबला. अप्पा शांतपणे म्हणाले, "कै तेगि." अप्पांच्या मराठीत कानडी मिसळलेली असते; याचा अर्थ, हात काढ. याने घाबरून स्टिअरिंगवरचे हात काढले. अप्पांनी शेजारून एका बोटाने गाडी सरळ केली आणि म्हणाले, "बघ, तुझ्यापेक्षा गाडीच बरी चालते." मग त्याला खाली उतरवलं आणि घरी चालत यायला सांगितलं.

लग्नानंतर हा किस्सा मला घरातल्या प्रत्येकाने हसत हसत सांगितला, श्रीवत्स सोडून. आज तो चाळिशीला आलाय, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे आणि अजून गाडी चालवत नाही. स्टिअरिंगला हात लावला की त्याच्या तळव्यांना घाम सुटतो. आमच्या घरात गाडी मी चालवते. मी सांगलीची आहे, मला कुणी वाटेत उतरवलेलं नाही. श्रीवत्स मात्र सुट्टीच्या दिवशी मित्राकडे जाऊन संगणकावर शर्यती खेळतो आणि घरी आल्यावर टायरच्या तापमानावर बोलत बसतो.

अप्पांनी तरुणपणी कॉफीच्या मळ्यांतून मोटारींच्या रॅल्या पळवल्या होत्या. त्यातल्या बक्षिसांचे पेले अजून शोकेसमध्ये आहेत. ते पुसण्याचं काम मला उलट्या हुंड्यासारखं मिळालं. पण सत्तरीनंतर साखरेने त्यांचा उजवा पाय धरला. बोटं हलायची, पण ती हलल्याचं बोटांना कळायचं नाही. आधी फाटक ठोकलं, मग शेजाऱ्यांची स्कूटर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी बंद. अप्पांनी जिप्सीची किल्ली बनियनच्या खिशात घातली आणि ती झोपतानाही काढेनात.

टी. नरसीपूर गावचे रघूत्तम म्हणून एक गृहस्थ आहेत. पैसा भरपूर आणि नाद जुन्या गाड्यांचा. त्यांना ती जिप्सी हवी होती. श्रीवत्सलाही ती दारातून जायला हवी होती. कारण तो सांगायचा नाही, पण सकाळी ऑफिसला निघताना तो जिप्सीकडे न बघता बाजूने निघून जायचा, ते मी बघत होते.

त्यानेच तोडगा काढला. अप्पांना घरी संगणक घेऊन द्यायचा, त्याला खरं स्टिअरिंग आणि पेडलं लावायची, बसल्या जागी हवं तितकं पळवा म्हणायचं. बदल्यात किल्ली.

"खेळणं बेडा मला, नको," अप्पा म्हणाले.

"खेळणं नाही अप्पा. खरे ड्रायव्हर सुद्धा यावर सराव करतात."

अप्पांनी दोन दिवस विचार केला. मग जेवताना म्हणाले, "आयतु, ठीक आहे. पैसे माझेच घे, तुझे नको. एकच सांगतो. ब्रेक खरा पायजे बघ. कडक. ब्रेक पायानं मारत नाहीत, कमरेनं मारतात. बाकी तुझं तू नोडू. आणि मन भरल्याशिवाय किल्ली देणार नाही."

पैसे अप्पांचे होते हे विसरू नका. माझा नवरा पुढे सारखं विसरत होता.

लाखाच्या आत सगळं बसवायचं ठरलं. श्रीवत्स जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला आणि मला शिकवू लागला. शर्यतीत आजूबाजूच्या वीस गाड्यांचं गणित प्रोसेसरला करावं लागतं, म्हणून प्रोसेसर चपळ हवा. चित्र फार सुंदर नसलं तरी चालतं, अडखळता कामा नये; वळणावर चित्र क्षणभर थांबलं की गाडी गेलीच. वीज देणारा डबा कधी स्वस्तातला घ्यायचा नाही, तो मरताना बाकीच्यांना घेऊन मरतो. सगळं बरोबर बोलत होता. मग तो ब्रेकवर आला.

"साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं," तो म्हणाला. "आणि हे महागातलं पायात जोर किती आहे ते मोजतं. अप्पांच्या पायाला किती खाली गेला ते कळणारच नाही. जोर मात्र मांडीला कळतो, कमरेला कळतो. त्यांना हेच लागेल."

हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. अज्ञानाची पळवाट त्याला नाही.

मग बेरीज लाखाच्या वर गेली. मला वाटलं, तो काचेची कॅबिनेट काढेल. तिच्यात रंग बदलणारे पंखे होते. अप्पांच्या कुठल्या गाडीला रंगीत पंखे होते देव जाणे. कॅबिनेट राहिली. मग वाटलं, ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घेईल, कारण चित्र सुंदर नसलं तरी चालतं असं आताच म्हणाला होता. त्याने ते एक पायरी वरचं घेतलं. आणि कडक ब्रेक काढून टाकला. स्टिअरिंगबरोबर फुकट येणारी मऊ पेडलंच ठेवली.

"अरे, त्यांनी एकच गोष्ट मागितली होती," मी म्हटलं.

"कार्ड चांगलं असलेलं बरं. पुढे उपयोगी पडेल."

"पुढे म्हणजे कधी?"

"देवश्री, अप्पा असे किती दिवस खेळणार आहेत?"

अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. दार उघडं होतं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

माणूस जिवंत असताना त्याच्या खोलीला आपल्या आवडीचे पडदे निवडावेत, तसा माझ्या नवऱ्याने तो संगणक निवडला.

सामान आलं, जोडणी झाली, पंखे लाल-निळे होऊ लागले. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. पहिल्याच वळणावर त्यांनी कमरेतून ब्रेक मारला. मऊ पेडल तळाला टेकलं, चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी गिरकी घेऊन गवतात गेली. दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्यावर तेच. अप्पा खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघत होते. त्यांना पेडलचा संशय आला नाही, पायाचा आला. तो चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, आणि मी काही अप्पांच्या प्रेमात असलेली सून नाही.

"स्वल्प सवय होऊ दे," ते म्हणाले. आठवडाभर सवय केली. गाडी गवतातच जायची. जेवण कमी झालं, बोलणं बंद झालं. आणि मन भरेना म्हणून किल्लीही मिळेना.

तेव्हा श्रीवत्सने अप्पा झोपलेले असताना खेळातल्या मदती चालू केल्या. अशा मदती नवख्यांसाठी असतात. ब्रेक संगणकच मारतो, वळणावर स्टिअरिंगही संगणकच वळवतो. माणसाने फक्त वेग द्यायचा.

दुसऱ्या दिवशी अप्पांची गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळणं घेऊ लागली. अप्पा लहान मुलासारखे हसले. दाढी रोज होऊ लागली. माझ्या सांबाराला त्यांनी चक्क बरं म्हटलं. एकदा तर श्रीवत्सच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगलं मशीन केलंस बा." माझ्या नवऱ्याने ते वाक्य चाळीस वर्षं ऐकलं नव्हतं. तेवढ्यावर तो थांबला असता तर ही गोष्ट मी सांगायला बसले नसते.

पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. अप्पा रोज पहिले येऊ लागले आणि त्यांची खात्री पटली की पाय अजून शाबूत आहे. रघूत्तम किल्ली न्यायला आले, त्या रविवारी अप्पांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "गाडी विकायची नाही."

"ठरलं होतं, अप्पा," श्रीवत्स म्हणाला.

"माझा पाय गेला म्हणून ठरलं होतं. पाय कुठं गेलाय? या रघूत्तम, बघा. डॉक्टरला काय कळतं, सुम्मने, उगाच बोलतो." मग श्रीवत्सकडे बोट करून पाहुण्यांना म्हणाले, "याला भीती वाटते गाडीची. पोरवयात एकदा उतरवला होता मी, येलवालला. अजून उतरलेलाच आहे."

रघूत्तम हसले. पाहुण्याने हसायचं असतं म्हणून हसले. मी श्रीवत्सकडे बघितलं, आणि आता काहीतरी घाण होणार हे मला कळलं.

अप्पा खुर्चीत बसले. गाडी सुटली. एक फेरी सुरेख झाली, वेळ पडद्यावर आली. अप्पांनी मान वळवून पाहुण्यांकडे बघितलं. दुसरी फेरी सुरू झाली तसा श्रीवत्स त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"अप्पा," तो म्हणाला, "कै तेगीरि."

अप्पांना आधी कळलं नाही.

"हात काढा. पाय फक्त वेगावर ठेवा. ब्रेकला हात नको, पाय नको, काही नको."

अप्पांनी हात काढले. का काढले कोण जाणे. बहुतेक सवय, फक्त या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला ते कधी बसले नव्हते. समोरचं स्टिअरिंग आपोआप डावीकडे वळलं, मग उजवीकडे. गाडीने वळणाआधी ब्रेक मारला, वळण घेतलं, पुढचं घेतलं. अप्पांचे हात मांडीवर होते. फेरी संपली आणि पडद्यावर वेळ आली. ती मघापेक्षा कमी होती.

"बघा," श्रीवत्स म्हणाला, "तुमच्यापेक्षा गाडीच बरी चालते."

बावीस वर्षं त्याने हे वाक्य जपून ठेवलं होतं. त्या क्षणी मला नवऱ्याची किळस आली, हे मी स्पष्टच सांगते. अप्पांनी बनियनच्या खिशातून किल्ली काढली, रघूत्तमांच्या हातात दिली आणि आपल्या खोलीत गेले. जिप्सी त्याच संध्याकाळी टी. नरसीपूरला गेली.

त्यानंतर अप्पा त्या खोलीत फिरकले नाहीत. संगणक श्रीवत्सचा झाला. गाडीचे पैसे बँकेत जमा झाले आणि त्यातून माझ्या नवऱ्याने पहिली कुठली वस्तू मागवली असेल? कडक ब्रेक.

तो आला, लाकडी फळीवर घट्ट बसवला, आणि श्रीवत्सला काही तो नीट दाबता येईना. ब्रेक कमी पडायचा, नाहीतर एकदम जास्त. मदती बंद ठेवून खेळण्याचा त्याचा हट्ट, त्यामुळे आता तो गवतात जाऊ लागला. शेवटी त्याने हाक मारली. त्याला लाज नव्हती की लक्षातच आलं नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अप्पा, जरा दाबून बघता का? नीट बसलाय की नाही कळत नाही."

अप्पा आले. खुर्चीत बसले, पाय ठेवला, कमरेतून एकदा दाबला. मग गाडी सोडली. पहिलं वळण आलं. त्यांनी ब्रेक मारला, हळूहळू सोडत नेला, आणि गाडी वळणात शिरून पलीकडे निघाली. दुसरं वळण, तिसरं. एकदाही चाक गवताला लागलं नाही. मदती बंद होत्या. त्या खोलीत इतका सुंदर गाडी चालवणारा माणूस बसला होता आणि आम्ही दोघं दाराशी उभे होतो.

पुढे सरळ रस्ता लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे तेव्हा मिळत नव्हतं काय रे?"

"आत्ताच निघालंय, अप्पा. नवीन आहे," श्रीवत्स म्हणाला.

मला ते सहन झालं नाही. "मिळत होतं," मी म्हटलं. "तुमच्याच पैशात बसत होतं. यानेच काढून टाकलं."

मी नवऱ्याला मारायला शब्द फेकला होता. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे तो लेकाला नाही, बापाला लागला. अप्पांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. वेगावरचा पाय तसाच होता. वळण आलं, गाडी सरळ गेली आणि झाडांवर आदळून थांबली.

अप्पा उठले. उठताना त्यांनी श्रीवत्सच्या खांद्याचा आधार घेतला.

"चांगला आहे ब्रेक," ते म्हणाले. "ठेव. पुढे उपयोगी पडेल."